विहाराच्या पंगतीला

जपानमधील बौद्ध विहारात पाहुण्याला शाकाहारी भोजन मिळते, हे ऐकून आपल्याकडील माणसाला फारसे नवल वाटत नाही. मांस-मासळी वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य. आपल्या चातुर्मासाहून यात निराळे काय, असे तो विचारील. निराळेपण आहे, आणि ते स्वयंपाकघरात आहे, असे आम्हांस वाटते.

बुद्धाच्या काळी भिक्षू भिक्षेवर राहत. पात्रात पडेल ते घ्यावे. मात्र आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला, तर ते मांस नाकारावे, असा विनयाचा नियम होता. पुढे चीनमध्ये विहारातच चूल पेटू लागली, शाकाहार रूढ झाला आणि रांधणाराचे काम महत्त्वाचे ठरले.

१२२३ साली दोगेन हा तरुण जपानी भिक्षू चीनच्या बंदरात गलबतावर असता एक वृद्ध भिक्षू अळंबी विकत घेण्यास आला. आपल्या सम्राट अशोकाच्या नावाच्या विहाराचा तो स्वयंपाकी. या वयात ध्यान सोडून चूल कशाला, असे दोगेनने विचारले. तेव्हा तो हसला, आणि साधना म्हणजे काय हे तुला अजून कळले नाही, अशा आशयाचे बोलला. दोगेनने ती गोष्ट विसरली नाही. १२३७ साली त्याने विहारातील स्वयंपाक्यासाठी एक ग्रंथच लिहिला. झेन विहाराच्या सहा प्रमुख अधिकाऱ्यांत स्वयंपाकी गणला जातो.

आज कोयासान डोंगरावरील सुमारे पन्नास मंदिरांत प्रवाशांची सोय होते. समुद्रशेवाळ व सुकी अळंबी यांचे सार, तीळ वाटून केलेली मऊ वडी, गोठवून वाळवलेले सोयाबीनचे पनीर असे पदार्थ ताटात येतात. झेन विहारांत जेवणापूर्वी मनाशी विचार करावयाचा, की हे अन्न किती हातांच्या श्रमाने येथवर आले आणि आपण त्याला पात्र आहोत काय. मग मुकाट्याने जेवावयाचे, शीत वाया घालवावयाचे नाही. पैसे मोजले म्हणून पाहुण्याची या प्रश्नातून सुटका होत नाही.

श्लोक म्हणून जेवावयास बसण्याची चाल आपल्याकडेही आहे. परंतु ज्या हातांनी ते अन्न शिजले, त्या गृहिणीचे पान बहुधा सर्वांच्या शेवटी मांडले जाते. विहाराच्या पंगतीतून उठताना पाहुण्याने एवढे जरी घरी आणले, तरी त्याची यात्रा सार्थकी लागली, असे आम्ही म्हणू.