या वर्षी आपण बैल का दिले नाहीत?

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

मागच्या अंकातला शेळीवाटपाचा वृत्तांत वाचून तुमच्यापैकी काही जणांनी विचारले, "कापणीच्या सणाचे आमचे अर्पण पूर्वी बैलांसाठी जात असे. आता शेळ्याच का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जनावरांच्या बाजारात आहे, म्हणून आज त्या बाजाराविषयीच लिहिते.

आपले काम अकोले आणि इगतपुरीच्या डोंगराळ भागात, मुख्यतः ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबांत चालते. इथला बैल डांगी जातीचा. धो धो पावसात आणि भातखाचराच्या चिखलात तो टिकतो, म्हणून घोटीचा बाजार आणि राजूरचे प्रदर्शन त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. या घरांमध्ये बैल हा नांगराचा सोबती असतो आणि बँकही असतो. लहान गोऱ्हा घ्यायचा, वाढवायचा, आठदहा आवण्या त्याच्याकडून करून घ्यायच्या आणि थकला की विकायचा. आलेल्या पैशात थोडी भर घालून पुन्हा गोऱ्हा आणायचा. म्हाताऱ्या बैलाची किंमत आली नाही, तर हे चक्र तिथेच थांबते.

ते कसे थांबले, ते पाहू. महाराष्ट्रात १९७६च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. बैल मात्र पशुवैद्यकाच्या दाखल्यानंतर कत्तलीसाठी विकता येत असे. मार्च २०१५मध्ये या कायद्याची दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळूही बंदीत आले. कत्तलीसाठी त्यांची खरेदी, विक्री किंवा राज्याबाहेर वाहतूक करणे हा गुन्हा ठरला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे, हे कलम न्यायालयाने रद्द केले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शेतीसाठी बैल विकायला कोणत्याही कायद्याची मनाई नाही. पण बाजारात उभा असलेला बैल शेतीसाठी आहे की कशासाठी, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. तरुण, चारदाती बैल असेल तर कोणी शंका घेत नाही. दात जुळून झिजलेला, खांदा आलेला बैल गाडीत चढवला की पहिली शंका व्यापाऱ्यावर येते. गाडी अडली आणि जनावर जप्त झाले, तर ते गोशाळेत जाते. खटला संपेपर्यंतच्या चाऱ्यापाण्याचा खर्चही मालकाकडून वसूल करता येतो. पुढे न्यायालयात तो सुटला तरी त्याचा हंगाम आणि भांडवल गेलेले असते. म्हणून व्यापारी धोकाच घेत नाही. तो म्हाताऱ्या बैलाकडे पाहतच नाही, आणि पाहिले तर आपला धोका किमतीतून वजा करतो.

वाहतुकीचे नियमही किमतीतूनच वसूल होतात. मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीत प्रत्येक गाय, बैल किंवा म्हशीला दोन चौरस मीटर जागा द्यावी लागते. म्हणजे लहान पिकअपमध्ये दोनच मोठी जनावरे बसतात. प्रवासाला जनावर योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत लागतो. हे नियम दयेचे आहेत. पाय बांधून, एकावर एक कोंबलेली जनावरे मी स्वतः पाहिली आहेत, आणि मळणीच्या बैलाचीही काळजी घ्यायला सांगणारे शास्त्र वाचणाऱ्यांनी या नियमांविषयी कुरकुर करू नये. पण पूर्वी चार जनावरांत वाटले जाणारे भाडे आता दोघांवर पडते, आणि ते शेवटी विकणाऱ्याच्या पदरातून जाते, हेही खरे आहे.

मे २०१७मध्ये केंद्र सरकारने जनावरांच्या बाजारासाठी आणखी कडक नियम काढले होते. जनावर कत्तलीसाठी नाही असे लेखी द्यायचे, खरेदीदाराने आपण शेतकरी असल्याचा पुरावा द्यायचा आणि सहा महिने जनावर पुन्हा विकायचे नाही, असे ते होते. जुलै २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना देशभर स्थगिती दिली. तरीही आमच्या पाड्यांवर आजही लोक सांगतात, "आता बाजारात बैल विकायला बंदी आहे." अफवा कायद्यापेक्षा लवकर डोंगर चढते आणि सहजी उतरत नाही.

दुसरा भाग रोगाचा. सप्टेंबर २०२२मध्ये लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा राज्यात गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. ते आवश्यक होते. दगावलेल्या दुधाळ गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत सरकारने जाहीर केली. पण ज्यांच्या जनावराची सरकारदरबारी नोंदच नव्हती, त्यांना त्या मदतीसाठी फार धावपळ करावी लागली. पुढे १ जून २०२४पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येणार नाही, असा नियम राज्यात आला. बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. त्यावरून जनावराचे वय, लसी आणि मालकाचे नाव कळते.

गेल्या वैशाखात आमच्या एका पाड्यावरचे दादा म्हातारा बैल घेऊन पहाटेच बाजाराला निघाले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा होता. मीही त्या दिवशी बाजारात होते. दुपारपर्यंत तीन व्यापारी आले, बैलाचे दात पाहून पुढे गेले. चौथ्याने रुमालाखाली हात घेऊन बोटे दाबली. भाव इतका कमी होता, की दादांनी हात काढून घेतला. तरी शेवटी ते त्या भावालाही तयार झाले. मग व्यापाऱ्याने बैलाचा कान पाहिला. बिल्ला नव्हता. सौदा मोडला.

"ताई, नांगराला चालत नाही आणि बाजाराला चालत नाही. मग याचं करू काय?" दादांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. ते बैल घेऊन चालत घरी गेले. फी भरली ती घरातल्या दोन शेळ्या आणि एक बोकड विकून. ते तिन्ही एका सकाळीच गेले. तो बैल आजही त्यांच्या दावणीला आहे. चारा कमी पडतो, पण दादा त्याला सोडून देत नाहीत.

आमच्या समितीने शेळ्यांचा निर्णय घेतला तो यानंतर. शेळीची विक्री या बंदीत येत नाही, ती लवकर विकली जाते आणि विधवा बहिणीलाही सांभाळता येते. पण शेळी नांगर ओढत नाही. आवणीच्या दिवसांत भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसलेली घरे वाढली आहेत, हेही तुमच्यापासून लपवत नाही. २०२५च्या पावसाळ्यात राज्यातील अनेक कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली, तेव्हा म्हशी विकणाऱ्यांचेही हाल झाले. व्यापारी बाजारातून हटला, की पहिली झळ विकणाऱ्या गरिबाला बसते.

कायदा बदलणे आपल्या हातात नाही. पण कागद नीट असावा, एवढे आपण करू शकतो. म्हणून आता प्रत्येक पाड्यावर आमचे स्वयंसेवक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने बिल्ले लावून घेत आहेत. आम्ही लोकांना तीन गोष्टी सांगतो. बिल्ल्याशिवाय बाजारात जाऊ नका. बाजार समितीची पावती घेतल्याशिवाय जनावर सोडू नका. विकल्यावर नोंदीतले मालकाचे नाव बदलून घ्या. आणखी एक सांगतो, ते म्हणजे बैल पूर्ण थकण्याआधी, अंगात काम असतानाच विका.

आपल्या प्रार्थनेत हे विषय असू द्या:

- थकलेली जनावरे सांभाळणाऱ्या कुटुंबांना उन्हाळ्यात चारा मिळावा. चाऱ्यासाठी वेगळी देणगी देता येईल.
- पाड्यापाड्यांवर फिरणारे पशुवैद्यक आणि आमचे स्वयंसेवक यांना बळ मिळावे.
- नियम करणाऱ्यांना जनावराची दया जशी आली, तशीच त्या जनावराच्या मालकाचीही यावी.

दादांची मुलगी पहिल्या वर्षाला शिकत आहे. दुसऱ्या हप्त्याची तारीख जवळ आली आहे. तिच्यासाठीही प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण