निवेदन देता देता सहा महिने संपतात : पोलिसांच्या कायदेशीर संरक्षणाविषयी

"पोलिसांवर केस होत नाही, त्यांना सरकारचं संरक्षण असतं." अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात, जामखेडपासून अकोल्यापर्यंत, हे वाक्य ऐकायला मिळते. कधी ते ठाणे अंमलदार बोलतो, कधी गावातला पुढारी, तर कधी आपलाच थकलेला कार्यकर्ता. हे वाक्य अर्धे खरे आहे. संरक्षण आहे. पण ते किती आहे, कुठे संपते आणि किती दिवसांत आपल्याविरुद्ध जाते, हे माहीत नसल्यामुळे उरलेले अर्धेही आपण खरे मानून बसतो.

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. सोनई, खर्डा, जवखेडे खालसा, शिर्डी ही नावे २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत देशभर गेली. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्ह्याच्या न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. अशा प्रत्येक वेळी वस्तीत एकच प्रश्न विचारला जातो : तपास ज्यांच्या हातात असतो, त्यांना कोण विचारणार?

अलीकडे मोबाइलवर अमेरिकेतल्या 'क्वालिफाइड इम्युनिटी'ची चर्चा आपल्या तरुणांपर्यंत पोहोचली आहे. आपल्याकडे ती चीज नाही, पण तिची जवळची नातेवाईक आहे. म्हणून आधी तिची कुळकथा थोडक्यात.

१८७१ साली अमेरिकेत कु क्लक्स क्लॅनच्या दहशतीला आवर घालण्यासाठी एक कायदा झाला. सरकारी अधिकाराच्या जोरावर कोणी नागरिकाचा हक्क तुडवला, तर त्या अधिकाऱ्यावर थेट नुकसानभरपाईचा दावा लावता येईल, असे त्यात होते. त्याच १८७१ साली इंग्रजांनी भारतात गुन्हेगार जमाती कायदा आणला. तिकडे नुकतेच गुलामीतून सुटलेल्यांच्या हाती अधिकाऱ्याविरुद्ध दावा दिला, इकडे जन्माने गुन्हेगार ठरवलेल्यांच्या गावी पोलिसांची हजेरी लावली. आपल्या कर्जत, श्रीगोंद्याकडच्या पारधी वस्त्यांना त्या हजेरीचा वास अजून येतो.

पण तिकडचा कायदाही पुढे बोथट झाला. १९६१ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात गोऱ्या-काळ्या धर्मगुरूंचा एक गट फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या बस स्थानकातल्या जागेत शिरला. पोलिसांनी अटक केली, धर्मगुरूंनी दावा लावला. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पोलिसाने सद्हेतूने अटक केली असेल तर तो बचाव त्याला घेता येईल. १९८२ पासून सद्हेतूचीही गरज उरली नाही. जो हक्क मोडला तो आधीच 'स्पष्टपणे प्रस्थापित' झालेला होता, हे आता फिर्यादीने दाखवायचे. व्यवहारात याचा अर्थ असा, की जवळपास तशीच घटना आणि तिच्यावरचा जुना निकाल शोधून आणा, नाहीतर घरी जा. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर हा नियम फेरविचारासाठी घ्यावा, अशा याचिका होत्या. १५ जून २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या ऐकायलाही नकार दिला.

भारतात न्यायाधीश पोलिसाला 'तू मुक्त आहेस' असे सहसा म्हणत नाहीत. आपल्याकडे कवच दोन गोष्टींचे आहे : मंत्रालयातली फाइल आणि भिंतीवरचे कॅलेंडर.

फाइल म्हणजे खटल्याची पूर्वमंजुरी. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १९७ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २१८ झाले आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकावर खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी हवी. मूळ कलमात हे संरक्षण वरच्या अधिकाऱ्यांपुरते होते. महाराष्ट्र सरकारने १९७९ मध्ये अधिसूचना काढून ते पोलीस दलापर्यंत नेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेच्या आधारे मुंबईच्या प्रकरणात पोलिसांना संरक्षण दिले. त्यात लोकांना २४ तासांपेक्षा जास्त वेळ कोठडीत ठेवल्याचा आरोप होता. जमाव पांगवताना केलेल्या कृत्यांसाठी तर वेगळे कलम आहे, नव्या संहितेत कलम १५१. मोर्चे काढणाऱ्यांनी ते एकदा तरी वाचावे.

कॅलेंडर म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याचे कलम १५९ सांगते की कर्तव्य बजावताना सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल पोलिसाला दंड किंवा नुकसानभरपाई लागू होणार नाही. अमेरिकेच्या त्या संकल्पनेचा हा आपला सख्खा भाऊ. पण खरा घात कलम १६१ करते. कर्तव्याच्या आडून किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दलचा खटला वा दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल झाला नाही, तर न्यायालय तो घेणार नाही, घेतला असेल तर फेटाळील. राज्य सरकारची मंजुरी मिळाली तर पोलिसावरचा फौजदारी खटला दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. दिवाणी दाव्याला ती सवलतही नाही. शिवाय दाव्याआधी त्या अधिकाऱ्याला एक महिन्याची नोटीस बंधनकारक आहे, आणि सरकारला पक्षकार करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस वेगळी. खुनाच्या खटल्याला मुदत नसते हे सगळ्यांना माहीत असते. पोलिसाने केलेल्या मारहाणीविरुद्ध मुदतीचा मुद्दा काढला जाईल, हे मात्र नोटीस लिहायला बसेपर्यंत कोणाच्या ध्यानात नसते.

मग कोठडीतली मारहाण 'कर्तव्याच्या आडून' झाली असे धरायचे का? इथे न्यायालयांचे निकाल वाचण्यासारखे आहेत. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका हेड कॉन्स्टेबलचे प्रकरण होते. त्याने खोटा पंचनामा केल्याचा आरोप होता. पंचनामा करणे हे त्याचे कर्तव्य, म्हणून खोटा पंचनामाही कर्तव्याच्या आडून झाला आणि मुदतीचे संरक्षण मिळाले. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम' या प्रकरणात तपासाच्या नावाखाली लोकांना डांबून मारल्याचा आरोप होता. तिथे न्यायालय म्हणाले, मारहाणीचा अधिकार कोणताच कायदा देत नाही, तेव्हा कलम १६१ चे छत्र इथे चालणार नाही. थोडक्यात, मारणाऱ्याला मुदतीची ढाल नाही. कागद खोटा करणाऱ्याला आहे! दलित वस्तीतल्या किती खटल्यांची वाट पंचनाम्यातच लागते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९६६ चा हा निकाल आपल्या बाजूचा आहे. पण त्याच्यावर विसंबून स्वस्थ राहता येत नाही. १८ जून २०२० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या त्या नकारानंतर तिसऱ्या दिवशी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटले, की अधिकाराची मर्यादा ओलांडली गेली तरी कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर मंजुरी लागते. 'वाजवी संबंध' हा शब्द रबरासारखा आहे. आरोपीचा वकील तो ताणणार, आणि तेवढ्या वेळात वर्षे जाणार.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. चौकशी आयोग बसला, अहवाल आला, आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांना शिक्षा व्हायला मे २००९ उजाडला. बारा वर्षे. तेही सगळ्या राज्याचे डोळे लागलेल्या प्रकरणात.

परभणीने मात्र एक दार किलकिले केले आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यासाठीही महत्त्वाचे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलिसांनी अटकसत्र चालवले. अटक झालेल्यांत वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. सरकारने विधानसभेत श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरी गुन्हा दाखल होईना. शेवटी सोमनाथची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथे हरले.

अहिल्यानगर जिल्हाही याच खंडपीठाच्या अखत्यारीत येतो. म्हणजे हा आदेश आपल्या जिल्ह्यातला वकील उद्या हातात धरून उभा राहू शकतो. या प्रकरणातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मंजुरीचा प्रश्न न्यायालय गुन्ह्याची दखल घेते तेव्हाचा आहे, गुन्हा नोंदवण्याच्या वेळचा नाही. 'मंजुरी आल्याशिवाय एफआयआर घेता येत नाही' असे ठाण्यात कोणी सांगितले तर ते ऐकून परत फिरू नये. नव्या संहितेत एक चांगली तरतूदही आली आहे : मंजुरीची मागणी मिळाल्यापासून १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असे समजले जाईल. त्याच संहितेच्या कलम १७५(४) ने दुसऱ्या हाताने काही काढूनही घेतले आहे. कर्तव्याच्या ओघात घडलेल्या गोष्टीबद्दल लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्याने वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि त्या लोकसेवकाचे म्हणणेही विचारात घ्यायचे आहे.

नुकसानभरपाईची वाट वेगळी आणि तुलनेने मोकळी आहे. पूर्वी न्यायालये राज्याला सार्वभौम मानून सोडून देत. मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला, तरी व्यापाऱ्याला सरकारकडून भरपाई मिळाली नाही. १९९३ मध्ये ओडिशाच्या नीलाबती बेहरा यांच्या प्रकरणात हे बदलले. त्यांच्या २२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेले आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर त्याचा मृतदेह सापडला. सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये भरपाई दिली आणि मूलभूत हक्कांचा भंग झाला असेल तिथे राज्याला सार्वभौमत्वाचा बचाव नाही, असे बजावले. बाबासाहेबांनी ज्या अनुच्छेद ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटले, त्याची आणि उच्च न्यायालयासाठीच्या अनुच्छेद २२६ ची ही ताकद आहे. रिट याचिकेला कलम १६१ ची सहा महिन्यांची दोरी बांधलेली नाही. पण उशीर का झाला, हे न्यायालय विचारतेच. आणि एक खंत इथे नोंदवायलाच हवी : ही भरपाई सरकारच्या तिजोरीतून जाते. मारणाऱ्याच्या पगारातून ती वसूल करण्याची मागणी आपल्या निवेदनांत क्वचितच दिसते.

आता दुसऱ्या तक्रारीकडे येऊ. पोलिसांनी मारले नाही, पण काही केलेच नाही. ग्रामीण नगरमध्ये हीच तक्रार जास्त असते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ इथे कामाचे आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यात पोलिसाची कर्तव्ये एकेक करून लिहिली : तोंडी माहिती लिहून घेणे, ती वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, प्रत देणे, ६० दिवसांत दोषारोपपत्र. जाणूनबुजून टाळाटाळ करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. कुलूप इथेही आहेच. आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणजे खात्याच्या माणसाबद्दल पहिला शब्द पुन्हा प्रशासनाचाच. शिवाय कलम २२ सद्हेतूने केलेल्या कृत्याला याही कायद्यात संरक्षण देते. तरीही प्रत्येक टाळाटाळीनंतर कलम ४ खाली चौकशीची लेखी मागणी झालीच पाहिजे. मागणीच नसेल तर शिफारस कुठून येणार?

आणि इथेच आपल्या चळवळीच्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. घटना घडते, मोर्चा निघतो, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले जाते, फोटो येतो. निवेदन म्हणजे फिर्याद नव्हे. न्यायालयाच्या लेखी त्याने घड्याळ थांबत नाही. मोर्चे जरूर निघावेत, परभणी तर रस्त्यावरच पेटून उठली. पण मोर्चाच्याच दिवशी दोघांनी पीडिताला घेऊन सिव्हिल हॉस्पिटल गाठावे आणि जखमांची नोंद करून घ्यावी. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी आणि पोच जपावी. त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी होते. अटकेतल्या माणसाला न्यायालयात हजर करतात तेव्हा मारहाण झाल्याचे त्याने तिथेच सांगावे. तेवढी एक ओळ रोजनाम्यात आली, की पुढे कोणाला 'नंतर सुचलेली गोष्ट' असे म्हणता येत नाही. राज्य किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणाची सोयही कायद्यात आहे, आणि आपला जिल्हा नाशिक विभागात येतो.

सर्वात आधी हातातून निसटतो तो सीसीटीव्ही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीच्या बाहेर, प्रवेशद्वारात आणि व्हरांड्यात कॅमेरे बसवायचे आणि चित्रण १८ महिने, किमान एक वर्ष, जपायचे आदेश दिले. चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज वकील मिळण्याची वाट न पाहता, घटनेनंतर पहिल्याच आठवड्यात ठाण्यात आणि अधीक्षक कार्यालयात द्यावा. त्यात ठाण्याचे नाव, तारीख, माणसाला आत नेल्याची आणि बाहेर काढल्याची वेळ लिहावी आणि दोन्हीकडून आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा.