ब्लँकेटं कुणी आणायची? सातारा-सांगलीतल्या मिशनांची भागीदारी

मागच्या भागानंतर साताऱ्याहून एक मेसेज आला: "आमच्या तरुण संघाला सांगलीच्या संघाबरोबर काम करायचंय. संयुक्त प्रार्थनासभेनं सुरुवात करू का?" करा की. पण त्याच दिवशी कोण काय करणार आणि पैसे कुणाकडे राहणार, हेही ठरवून टाका.

हे मी ठेच लागून शिकलो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आम्ही साताऱ्यातून टेम्पोभर ब्लँकेटं नेली. पोचलो तर आणखी दोन मंडळ्यांनी ब्लँकेटंच आणलेली! लोक विचारत होते, झाडू आहेत का, फिनेल आहे का? घरात गुडघाभर चिखल होता ना. एक फोन केला असता तर कळलं असतं.

आपल्याकडे पूर्वी मिशनांनी भागच वाटून घेतले होते. सातारा, वाई अमेरिकन मराठी मिशनकडे. कोल्हापूर, सांगली, मिरज प्रेस्बिटेरियनांकडे. भांडणं टळली, पण ही भागीदारी नव्हे. भावाभावांनी शेतात बांध घालावा तसं ते.

भागीदारी कशी असते ते कुष्ठरोग्यांच्या कामात दिसतं. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'मिशन टू लेपर्स'ची, म्हणजे आजच्या लेप्रसी मिशनची, सुरुवातीची रीत साधी होती: जिथे दुसऱ्या मिशनची माणसं आधीच राबतायत, तिथे पैसा पुरवायचा. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं त्या मिरजेत पुढे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयही उभं राहिलं, तेही याच संस्थेशी जोडलेलं. एकाकडे निधी, दुसऱ्याकडे डॉक्टर आणि गावाची ओळख. दोघांनाही दुसऱ्याची गरज होती, म्हणून ते टिकलं.

१९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एक झाल्या. १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पण चर्च एक झालं म्हणून टेम्पोतली ब्लँकेटं आपोआप कमी होत नाहीत!

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. यावेळी आम्ही आधी फोन केला. सांगलीकर म्हणाले, "तुम्ही येऊ नका. यादी देतो, तेवढंच सामान पाठवा. हिशेब आम्ही देऊ." खरं सांगू? जरा लागलं मनाला. फोटोत आम्ही नसणार होतो ना! पण यादीप्रमाणे सामान भरलं आणि ड्रायव्हरला एकट्यालाच पाठवलं.