मेरी जेन वेलोसो प्रकरण

मेरी जेन वेलोसो या फिलिपिनो महिलेला हेरॉइनच्या तस्करीच्या आरोपावरून इंडोनेशियात २०१० साली मृत्युदंड ठोठावण्यात आला. त्यातून उद्भवलेला न्यायालयीन व राजनैतिक वाद मेरी जेन वेलोसो प्रकरण म्हणून ओळखला जातो. एप्रिल २०१५ मध्ये शिक्षेची अंमलबजावणी अखेरच्या क्षणी थांबवण्यात आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये वेलोसो यांना मायदेशी पाठवण्यात आले. नोकरीच्या आमिषाने फसवल्या गेलेल्या आणि नकळत अमली पदार्थ वाहून नेणाऱ्या कामगाराला गुन्हेगार मानावे की मानवी तस्करीचा बळी, हा या वादातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी

परदेशी काम करणाऱ्या नागरिकांनी घरी पाठवलेला पैसा हा फिलिपिन्सच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार आहे. त्यामुळे अशा कामगाराला परदेशात झालेली मृत्युदंडाची शिक्षा हा तेथे नेहमीच संवेदनशील राजकीय विषय ठरतो. मार्च १९९५ मध्ये सिंगापूरने फ्लोर कॉन्टेम्प्लासियोन या घरकामगार महिलेला खुनाच्या आरोपाखाली फाशी दिली, तेव्हा फिलिपिन्समध्ये तीव्र निदर्शने झाली. त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा संमत करण्यात आला. ३० मार्च २०११ रोजी चीनमध्ये हेरॉइनच्या तस्करीबद्दल तीन फिलिपिनो नागरिकांना मृत्युदंड देण्यात आला. तत्पूर्वी उपराष्ट्राध्यक्ष जेजोमार बिनाय यांनी चीनला जाऊन रदबदली केली होती; तिच्यामुळे अंमलबजावणी केवळ काही आठवडे लांबली. खुद्द फिलिपिन्सने २००६ साली मृत्युदंड रद्द केला आहे.

अटक व खटला

वेलोसो या न्यूवा एसिहा प्रांतातील गरीब कुटुंबातील असून दोन मुलांची आई आहेत. त्यांनी पूर्वी दुबईत घरकामगार म्हणून काम केले होते. २०१० साली ओळखीच्या एका महिलेने मलेशियात घरकाम मिळवून देण्याचे आश्वासन देऊन त्यांना तेथे नेले. ती नोकरी उपलब्ध नसल्याचे सांगून त्यांना योग्यकार्ता येथे पाठवण्यात आले, असे वेलोसो यांचे म्हणणे आहे. २५ एप्रिल २०१० रोजी तेथील विमानतळावर त्यांच्या बॅगेच्या अस्तरात सुमारे २.६ किलोग्रॅम हेरॉइन सापडले. बॅग दुसऱ्याने दिली होती व आतील मालाची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्यांनी सांगितले.

सरकारी पक्षाने जन्मठेपेची मागणी केली असताना स्लेमान जिल्हा न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये मृत्युदंड सुनावला. सुनावणीच्या वेळी दुभाषी इंडोनेशियनमधून इंग्रजीत भाषांतर करीत असे. वेलोसो यांची भाषा मात्र तागालोग असून त्यांना इंग्रजी पुरेसे येत नव्हते. याच मुद्द्यावर आधारलेली पुनर्विचार याचिका २०१५ साली फेटाळण्यात आली.

२०१५ ची स्थगिती

राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतील कैद्यांना दया न दाखवण्याचे धोरण जाहीर केले होते. २८ एप्रिल २०१५ रोजी वेलोसो यांना कामाला नेणारी महिला फिलिपिन्समध्ये पोलिसांपुढे हजर झाली. तिच्यावरील खटल्यात वेलोसो यांची साक्ष आवश्यक असल्याचे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आक्विनो यांनी इंडोनेशियाला कळवले. २९ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर नुसाकंबांगन बेटावर आठ कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वेलोसो यांना वगळण्यात आले. तोवर मनिलातील काही वृत्तपत्रांनी त्यांच्या मृत्यूचे मथळे छापलेही होते.

चर्चेतील मुद्दे

मृत्युदंडाच्या समर्थकांनी राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा व जरबेचा मुद्दा मांडला. इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने २००७ साली अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी मृत्युदंड वैध ठरवला होता. व्यसनामुळे देशात दररोज ४० ते ५० जणांचा मृत्यू होतो, असे सरकार सांगत असे. या आकड्याच्या शास्त्रीय आधारावर अभ्यासकांनी आक्षेप घेतले.

विरोधकांच्या मते अशा शिक्षेने केवळ माल वाहणारी व्यक्ती मरते आणि तिला पाठवणाऱ्यांविरुद्धचा मुख्य पुरावाही तिच्याबरोबर नाहीसा होतो. इंडोनेशियातील स्थलांतरित कामगारांच्या संघटनांनी आणखी एक विसंगती दाखवली. एप्रिल २०१५ मध्येच सौदी अरेबियात खुनाच्या आरोपाखाली दोन इंडोनेशियन घरकामगार महिलांचा शिरच्छेद झाला होता व पूर्वसूचना न दिल्याबद्दल इंडोनेशियाने निषेध नोंदवला होता. परदेशात आपल्या नागरिकांसाठी दया मागणाऱ्या देशाने आपल्या तुरुंगातील परदेशी कामगाराला ती नाकारू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

फिलिपिन्समध्येही एकमत नव्हते. शासनाने उशिरा हालचाल केल्याची टीका वेलोसो यांच्या कुटुंबीयांनी केली, तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांना कृतघ्न ठरवण्यात आले.

साक्षीचा प्रश्न

साक्षीसाठी मिळालेली स्थगिती साक्षीविनाच अनेक वर्षे लांबली. वेलोसो यांनी तुरुंगातून लेखी प्रश्नावलीद्वारे साक्ष दिल्यास आरोपींचा साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारण्याचा हक्क बाधित होईल, या कारणास्तव २०१७ साली फिलिपिन्सच्या अपील न्यायालयाने त्यास नकार दिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून अशा साक्षीस परवानगी दिली. जानेवारी २०२० मध्ये आरोपींना बेकायदेशीर भरतीबद्दल जन्मठेप झाली. मात्र ती शिक्षा अन्य महिलांच्या तक्रारींवरून होती, वेलोसो यांच्या नव्हे.

मायदेशी रवानगी

राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो यांच्या कार्यकाळात ६ डिसेंबर २०२४ रोजी दोन्ही देशांत कैदी हस्तांतरणाचा करार झाला. १८ डिसेंबर रोजी वेलोसो मनिलाला पोहोचल्या व त्यांना मांडालुयोंग येथील महिला कारागृहात ठेवण्यात आले. फिलिपिन्समध्ये मृत्युदंड नसल्याने शिक्षेच्या अंमलबजावणीचा धोका टळला. मात्र इंडोनेशियन न्यायालयाने दिलेला दोषी ठरवणारा निकाल या हस्तांतरणाने रद्द झाला नाही. त्यापुढे दया देण्याचा निर्णय फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत आला.