कट थोडा, मटकी जास्त

कोल्हापुरात पाहुण्याला मिसळ आणि तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घातल्याशिवाय कुणी सोडत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी ‘हृदय सांभाळा’ म्हटले, की पहिली धास्ती ताटाची वाटते. आता सगळेच बंद! तसे करण्याची गरज सहसा नसते. मात्र ताटातले काय हृदयाला उपयोगी आणि काय घातक, हे ओळखता यायला हवे.

हा प्रश्न आपल्यासाठी अधिक निकडीचा आहे. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका साधारण 53व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर देशांत हेच वय 59च्या आसपास होते. म्हणजे घरातला कर्ता माणूस ऐन उमेदीत आजारी पडतो. रोज फळे-भाज्या खाणाऱ्यांचे प्रमाणही आपल्याकडे कमी आढळले.

मिसळीत चांगले काय?

मोड आलेली मटकी. कडधान्यांतील विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात आणि शरीराबाहेर नेतात. नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. परिणामी ‘एलडीएल’ हे वाईट कोलेस्टेरॉल कमी होते. बिघाड होतो तो वरचा तेलाचा तवंग, मूठभर फरसाण आणि मैद्याचा पाव यांमुळे. घरी मिसळ करताना मटकी दुप्पट घ्या, फरसाण चमचाभर घाला आणि पावाऐवजी ज्वारीची भाकरी घ्या.

तिखट नव्हे, तेल-मीठ

झणझणीतपणाला उगाच दोष दिला जातो. खरी अडचण तिखटाबरोबर येणाऱ्या तेला-मिठाची असते. पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध असते. खोबरेल तेलातील सुमारे 90 टक्के मेद संपृक्त प्रकारचा असतो आणि तो एलडीएल वाढवतो. त्यात मटणाची चरबी मिसळते. रस्सा कधीतरी एक वाटी घेणे वेगळे आणि दर रविवारी वाटीवर वाटी रिचवणे वेगळे.

तालीम सुटली, खुराक राहिला

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे दूध पिण्याची इथली जुनी रीत. या दुधात 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो. तासन्‌तास घाम गाळणाऱ्या पैलवानाला तो पचतो. तालीम सोडून दुकानात बसणाऱ्याने तोच खुराक चालू ठेवला, तर वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढतात. दूध साय काढून घ्यावे. गूळही बेतानेच खावा. तोही शेवटी साखरच आहे.

महिन्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ खावे. चार प्रौढांच्या घरात ते महिन्याला 600 ग्रॅमच्या आत बसायला हवे आणि त्यात लोणचे, पापड, भडंग, फरसाणातले मीठही आले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून सुमारे 27 ग्रॅम धरले आहे. चौघांसाठी महिन्याला हे साधारण साडेतीन लिटर होते. आपल्या घरी तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, हे एकदा मोजून पाहा.

ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांनी भरा. जवस, कारळे, तिळाची चटणी कमी मिठात करा. तळणाचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

आहार सुधारला म्हणून रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे’ मीठ डॉक्टरांना विचारूनच वापरा. छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ जाणवली, तर ‘पित्त असेल’ म्हणून घरी थांबू नका. लगेच 108ला फोन करा.