उपग्रह, बादली आणि घरी शिवलेली सॅक

१ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. तोवर सामान्य माणसाच्या हातातला रिसीव्हर शंभर मीटरपर्यंत चुकायचा. मध्यरात्री ती चूक निघाली आणि फरक दहा-वीस मीटरवर आला. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या आग्नेयेला असलेल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा डबा होता. मग त्यांनी तिथले अक्षांश-रेखांश जाहीर केले: ४५ अंश १७.४६० मिनिटं उत्तर, १२२ अंश २४.८०० मिनिटं पश्चिम. अट एवढीच, की शोधा, काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांच्या आत शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातले माइक टीग तिथे पोहोचले. त्याच सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी अशा डब्यांची यादी सर्वांसाठी खुली केली, तेव्हा जगात ७५ डबे होते. आज ते तीस लाखांहून अधिक आहेत. या खेळाला आता सगळीकडे जिओकॅशिंग म्हणतात.

या छंदाचं खरं मर्म त्या आकड्यांच्या शेवटच्या स्थळात आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. म्हणून मिनिटाचा हजारावा भाग पावणेदोन मीटरांहून थोडा जास्त भरतो. रेखांशाचा तोच भाग ओरेगनात १.३ मीटर, तर पुण्याच्या अक्षांशावर पावणेदोन मीटर होतो. म्हणजे कागदावरचा आकडा एका पावलाइतका बारीक असतो. रिसीव्हरला मात्र मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरांची चूक लागते, आणि झाडीत ती वाढते. आकडा आणि यंत्र यांच्यामधली ही जी जागा उरते, तिथेच सगळा शोध चालतो.

चूक का होते, हे समजून घेण्यासारखं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येकात आण्विक घड्याळ असतं. संकेत कधी निघाला आणि कधी पोहोचला यावरून रिसीव्हर उपग्रहाचं अंतर काढतो. स्थानाचे तीन आकडे आणि स्वतःच्या घड्याळातली चूक, अशी चार अज्ञातं सोडवायला त्याला किमान चार उपग्रह लागतात. एका मायक्रोसेकंदाची गफलत झाली तर अंतर तीनशे मीटरांनी चुकतं. एवढ्या लांबून आलेला संकेत अतिशय क्षीण असतो. ओरेगनातल्या डग्लस फर झाडांच्या ओल्या, दाट पानांत तो आणखी दबतो. कड्याजवळ तो दगडावर आपटून उशिरा पोहोचतो, आणि यंत्राला वाटतं की उपग्रहच दूर आहे. तिथल्याच कोलंबिया नदीच्या घळईतले कडे बेसॉल्टच्या थरांवर थर रचून उभे आहेत. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतील, कारण दोन्हीकडचा दगड लाव्हाच्या महापुरांतून आलेला आहे. रिसीव्हरची फसगतही दोन्हीकडे सारखीच होते.

म्हणून जुने शोधकर्ते यंत्र धरायलाही शिकवतात. २००० साली आलेल्या गार्मिनच्या पिवळ्या ईट्रेक्समध्ये चपटा अँटेना होता, त्यामुळे तो तळहातावर आडवा ठेवायचा. जीपीएसमॅप ६० मालिकेतल्या यंत्रांच्या वरच्या टोकाला आत पिळदार अँटेना असतो, ती उभी धरायची. पहिल्या ईट्रेक्सवर रस्ते-नद्यांचा नकाशा नव्हता. दोन पेन्सिल सेलवर चालणारं ते यंत्र दिशेचा बाण आणि उरलेलं अंतर दाखवायचं. अंतर दहा मीटरच्या आत आलं की बाण भिरभिरू लागतो. अशा वेळी जाणकार थोडे मागे जातात, वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा येतात आणि बाणाच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा मनात धरतात. मग यंत्र खिशात जातं. पुढचं काम डोळ्यांचं. काटक्या एकाच दिशेला नीट रचलेल्या दिसल्या, दगड निसर्गाने ठेवावा त्याहून जास्त व्यवस्थित दिसला, की हात तिकडे जातो. अल्मर यांनी बादली पुरली होती, पण आता डबा पुरायला बंदी आहे, कारण प्रत्येक शोधकर्त्याने जमीन उकरली तर रान उरणार नाही.

रस्त्याकडेचे डबे दुपारभरात सापडतात. डोंगरात दोन-तीन मुक्कामांवरचे डबे शोधायचे तर घर पाठीवर घ्यावं लागतं, आणि इथे हा छंद दुसऱ्या एका परंपरेला येऊन मिळतो. १९५५ मध्ये एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजी कॅनव्हासचे साधे बूट घालून, घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकून तीन हजार किलोमीटरहून लांब अ‍ॅपलेशियन ट्रेल एकट्या चालून गेल्या. पावसासाठी त्यांच्याजवळ न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा होता. पुढे रे जार्डीन यांनी या काटकसरीचं शास्त्र केलं. ते विमान-अवकाश क्षेत्रातले अभियंते आणि गिर्यारोहक. कड्यांच्या भेगांत अडकवायचं ‘फ्रेंड्स’ हे स्प्रिंगचं साधन त्यांचंच. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणाऱ्या सुमारे ४,२६५ किलोमीटरच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर ते आणि पत्नी जेनी स्वतः शिवलेल्या सॅक, टार्प (छतासारखं ताणायचं कापड) आणि रजया घेऊन चालले. १९९२ च्या त्यांच्या पुस्तिकेनंतर अन्न, पाणी आणि इंधन सोडून उरलेलं ओझं साडेचार किलोंच्या आत आणणं हे अनेकांचं ध्येय झालं.

तंबूऐवजी टार्प शिवायला घेतला की वजन कुठे जातं ते हाताला कळतं. सिलिकॉन चढवलेलं नायलॉन चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. तीन बाय अडीच मीटरच्या टार्पला कापड साडेतीनशे ग्रॅमही लागत नाही. पण ते शिवणयंत्राखाली सारखं निसटतं, आणि प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक भोक. म्हणून कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिलाई घालतात आणि वरून पातळ केलेलं सिलिकॉन फासतात. चूल होते शीतपेयाच्या दोन डब्यांच्या बुडांतून. बुडं कापून एकमेकांत बसवायची, आत पत्र्याची एक भिंत उभी करायची आणि काठावर टाचणीने भोकं पाडायची. स्पिरिट तापलं की त्याची वाफ भोकांतून बाहेर येऊन पेटते. वजन काही ग्रॅम, आणि बिघडायला आत काहीच नाही. मात्र उन्हात तिची ज्योत दिसत नाही आणि झडप नसल्यामुळे ती मध्येच बंद करता येत नाही. म्हणूनच वणव्याच्या मोसमात पश्चिम अमेरिकेतल्या अनेक जंगलांत अशा चुलीला मनाई असते, आणि ती योग्यच आहे.

या दोन छंदांची माणसं बरेचदा एकच असतात, याचं मला नवल वाटत नाही. डबा लपवणाराही कारागीरच असतो. झाकण पाणी आत येऊ देईल का, वही ओली झाली तर पेन्सिल उठेल का, रंग सालीत मिसळेल का, हे त्याला आधी तपासावं लागतं. दोघेही बाजारातून आणलेल्या वस्तूवर डोळे मिटून विसंबत नाहीत. ती कुठे तोकडी पडते, हे दोघांना ठाऊक असतं. या जाणकारीमुळे जबाबदारीही येते. वाटेतला कचरा उचलून आणण्याचे मेळावे जिओकॅशिंगवाले २००२ पासून भरवत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत डबे ठेवणं सहसा मना आहे. तिथे ‘अर्थकॅश’ असतो: डबा नाही, त्या ठिकाणच्या खडकाविषयी प्रश्न असतो आणि निरीक्षण हेच उत्तर. २००४ पासून अमेरिकेची भूविज्ञान संस्था या उपक्रमात आहे.

आता फोन नकाशासकट सगळं दाखवतो. तरीही सुटे सेल बदलता येणारा, हातमोज्यांनी दाबता येणारा, भर उन्हात वाचता येणारा रिसीव्हर लांबच्या वाटेवर आजही कामाला येतो. सह्याद्रीत चालणाऱ्यांना सुरुवातीसाठी ओरेगनला जायची गरज नाही. एखाद्या किल्ल्याच्या दरवाजात वेगवेगळ्या दिवशी उभं राहून तेच ठिकाण पुन्हा पुन्हा नोंदवावं आणि आकडे किती हलतात ते वहीत मांडावं. जुना स्थलदर्शक नकाशा वापरत असाल तर तो कोणत्या मापनाधारावर काढला आहे ते आधी बघावं. ‘एव्हरेस्ट’ नावाच्या जुन्या मापनाधारावरचे आकडे आजच्या रिसीव्हरच्या आधारावर तसेच घेतले तर जागा शंभर मीटरच्या घरात सरकू शकते. आणि अर्धा मीटर कापडाची, सरळ शिलाईची, नाडी ओढून बंद होणारी एक पिशवी स्वतः शिवावी. तिच्या शिवणीत पाणी कुठून येतं हे एका पावसाळ्यात कळेल, आणि पुढची सॅक विकत घेतानाही पहिली नजर शिवणीवर जाईल.