बाईंनी थोडं थांबावं

समुपदेशन म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळी खोली आणि टेबलापलीकडचा समुपदेशक येतो. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत यातलं काहीच नसतं. तिथे सकाळी हजेरी घेणाऱ्या बाई किंवा गुरुजीच समुपदेशक. मला ही अडचण वाटत नाही. लहान मुलीला धीर येतो किंवा तिचा धीर खचतो तो चालू तासातच.

सुरुवात हजेरीपत्रकापासून करावी. एखादी मुलगी दर आठवडी बाजाराच्या दिवशी गैरहजर दिसली, तर आई बाजारात आणि ही धाकट्याला घेऊन घरी, असं असू शकतं. कापूस वेचणीत सलग आठ दिवस बुडाले, तर तेवढ्यात वर्गात भागाकार शिकवून होतो. पुढे तिच्या नावापुढे ‘गणित कच्चे’ असा शेरा पडतो. खरं तर तिला तो भाग शिकवलेलाच नसतो. सरकारनेही मुलींची गळती हजेरीच्या बाजूनेच अडवू पाहिली. 1992 साली पहिली ते चौथीच्या गरीब, मागास घरांतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. रुपयाने किती मुली टिकल्या असतील कोण जाणे, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं.

हजर असलेल्या मुलीचं काय? 2017 मध्ये अमेरिकेत लिन बियान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या मुली ‘फार फार हुशार’ माणूस आपल्यातलाच असेल असं मुलांइतक्याच सहज मानत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण घटलं होतं. म्हणजे आपल्याकडची पहिली-दुसरी. त्याआधी 2010 मध्ये सियान बायलॉक यांच्या गटाने पहिली-दुसरीच्या 17 शिक्षिकांचे वर्ग तपासले. ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींपैकी कित्येकींनी वर्षअखेर ‘गणित मुलांचं’ हे मनात घेतलं होतं, आणि अशाच मुली गणितात मागे पडल्या. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा ‘मलाही लहानपणी गणित जमायचं नाही गं’ हे वाक्य, कितीही मायेने आलं तरी, बाईंनी गिळून टाकावं.

आता प्रत्यक्ष तास. प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून दोन-तीन मुलगे हात वर करून ‘बाई, मी, मी’ ओरडतात आणि उत्तर त्यांचंच होतं. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतलं संभाषण ध्वनिमुद्रित करून मोजलं. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हे आजपासून, फुकटात करता येतं. प्रश्न विचारावा, मनात एक-दोन-तीन म्हणावं, मग नाव घ्यावं. हात वर असलेल्याचंच घ्यायचं असं नाही. उत्तर चुकलं तर लगेच दुसरीकडे न वळता ‘कुठवर बरोबर आलीस ते दाखव’ म्हणावं. मुली वह्या नेटक्या ठेवतात म्हणून त्यांचं कौतुक बहुतेक अक्षरावरच संपतं. रीत कशी शोधली, यावर शाबासकी द्यावी. ‘हुशार आहेस’ ही थापही जपूनच. म्युलर आणि ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत अशी थाप मिळालेली मुलं पुढे अपयश आल्यावर लवकर हात टेकत होती. प्रयत्नाचं कौतुक झालेली टिकत होती.

मुलीशी बोलायचं ते मधल्या सुट्टीत, चारचौघींपासून जरा बाजूला. ‘अभ्यास का करत नाहीस?’ याला मान खाली घालण्यापलीकडे उत्तर नसतं. ‘घरी गेल्यावर आधी काय करतेस?’ विचारलं की पाणी, भांडी, धाकटा भाऊ असं एकेक बाहेर येतं. मग गृहभेट. घरात शब्द कोणाचा चालतो ते हेरावं; तो बरेचदा आजीचा असतो. मुलीच्या शिक्षणावर व्याख्यान नको, संध्याकाळचा एक तास मागावा. ऐकलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या बाईला सोबत न्यावं. शिक्षणहक्क कायद्याने तिथे निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, त्या नुसत्या सह्यांपुरत्या नसाव्यात.

बोलताबोलता मुलगी नकोशा स्पर्शाचं काही सांगू लागली, तर मात्र बाईंनी तपास करायला बसू नये. ऐकून घ्यावं, तिचा दोष नाही हे सांगावं आणि पोलिसांना कळवावं. पोक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइनही आहे. तीच हकिगत तिला मुख्याध्यापकांपुढे, मग समितीपुढे पुन्हा सांगायला लावू नये.